टीव्ही युनिट बनवून घेताय? सनमायका निवडण्याआधी हे वाचा

२०१९ मध्ये नाशिकच्या घरी आई-बाबांसाठी टीव्ही युनिट बनवून घेतलं, तेव्हा त्याचं डिझाईन मी केलं होतं. इंजिनिअरिंग नुकतंच संपलेलं, पहिली नोकरी, अंगात भयंकर आत्मविश्वास. लॅपटॉपवर थ्रीडी मॉडेल काढलं, इन्स्टाग्रामवरचे पन्नास फोटो बघितले आणि ठरवलं की एकसुद्धा वायर दिसता कामा नये. ४३ इंची टीव्ही चपखल बसेल एवढा खण, खाली दोन बंद कप्पे, त्यात सेट-टॉप बॉक्स आणि राऊटर. आमच्या सुतारकाकांनी विचारलं होतं, "दादा, टीव्हीच्या बाजूने चार बोटं जागा सोडू का? आणि मागे हात जाईल एवढं भोक ठेवतो." मी म्हटलं, "नको काका, एकदम फिट पाहिजे."

काकांनी एकदम फिट करून दिलं. पैसे बाबांनी दिले.

पुढे काय झालं ते ऐका. शटर बंद असलं की रिमोट चालायचा नाही, म्हणून आई ते कायम उघडंच ठेवायची आणि येता-जाता त्यावर गुडघा आपटायचा. राऊटर कप्प्यात गेल्यापासून स्वयंपाकघरात व्हिडिओ कॉल अडकायला लागला. मे महिन्यात सेट-टॉप बॉक्स दुपारी हटकून बंद पडायचा. आणि २०२३ मध्ये टीव्हीचं पॅनेल गेलं. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, त्यांना ५५ इंची हवा होता. दुकानातून त्यांचा फोन आला, "जाऊ दे रे, ४३ चाच घेतो. नाहीतर कपाट तोडावं लागेल." मी पुण्यात ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये उभा होतो. काय बोलावं ते सुचलंच नाही.

गेल्या दिवाळीच्या आधी ते युनिट आम्ही खरंच तोडलं आणि त्याच सुतारकाकांकडून नवीन बनवून घेतलं. खाली जे लिहिलंय ते या दोन वेळच्या कामातून शिकलेलं आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. या कामात क्रम फार महत्त्वाचा. आत काय राहणार, ते किती तापणार, सिग्नल कुठून येणार-जाणार आणि काही वर्षांनी त्याच जागी काय येणार, हे आधी कागदावर उतरवायचं. रंग, सनमायका, हँडल हे सगळ्यात शेवटी. आपण नेमकं उलटं करतो, कारण दुकानात गेल्यावर हातात पहिल्यांदा कॅटलॉग येतो तो सनमायकाचाच.

आजच्या टीव्हीचं नाही, पुढच्या टीव्हीचं माप घ्या

चांगलं फर्निचर पंधरा वर्षं सहज टिकतं. टीव्ही त्याच्या आत एकदा तरी बदलतो, आणि नवा टीव्ही जुन्यापेक्षा लहान घेणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

टीव्हीचा 'इंच' म्हणजे पडद्याचा कर्ण. रुंदी आणि उंची काढायला सोपा हिशोब आहे: इंचाला २.२१ ने गुणलं की रुंदी सेंटिमीटरमध्ये मिळते, १.२५ ने गुणलं की उंची. ४३ इंची पडदा साधारण ९५ बाय ५४ सेंमी, ५५ इंची १२२ बाय ६९ आणि ६५ इंची १४४ बाय ८१. याच्यावर कडेच्या पट्टीचे एक-दोन सेंटिमीटर धरा. म्हणजे ४३ वरून ५५ वर गेलात की रुंदी जवळजवळ फूटभर वाढते. आमच्या खणात सोडलेली जागा होती तीन सेंटिमीटर!

त्यामुळे माझं पहिलं मत अगदी ठाम आहे: टीव्हीसाठी खण करूच नका. भिंतीवर सपाट पॅनेल करा आणि टीव्ही त्यावर टांगा. आम्ही या वेळी ६ फूट बाय ४ फुटांचं पॅनेल केलं. प्लायची शीट ८ बाय ४ फुटांची येते, त्यामुळे एकच काप मारावा लागला आणि उरलेल्या २ फुटांत आतल्या फळ्या निघाल्या. आज त्यावर ५५ इंची आहे. उद्या ६५ आला तरी दोन्ही बाजूंना वीतभर जागा राहते.

कुठला आकार योग्य, याचा ढोबळ नियम असा: पडद्याच्या इंचाला १.६ ने गुणा, तेवढ्या इंचांवर सोफा असावा. ५५ साठी ८८ इंच, म्हणजे सव्वासात फुटांच्या आसपास. ६५ साठी साडेआठ-पावणेनऊ फूट. चित्र ४के असेल तर याहून थोडं जवळ बसलात तरी चालतं. आमचा सोफा आठ फुटांवर आहे, म्हणून पॅनेल ६५ चा विचार करून केलं.

उंचीच्या बाबतीत सगळेच चुकतात. इन्स्टाग्रामवरच्या फोटोंत टीव्ही देवघरातल्या तसबिरीसारखा वर टांगलेला असतो. फोटोत छान दिसतं, पण दोन तासांचा सिनेमा मान वर करून बघायचा असतो आपल्याला. सोफ्यावर बसल्यावर डोळे जमिनीपासून साधारण १०० ते ११० सेंमीवर येतात. पडद्याचा मध्य तिथेच आसपास हवा. ५५ इंचीची खालची कड मग जमिनीपासून ७० सेंमीवर येते, म्हणजे खालचं कपाट दीड-पावणेदोन फुटांपेक्षा उंच नको. आम्ही मोजपट्टी घेऊन बाबांना सोफ्यावर बसवलं आणि भिंतीवर खडूने खूण केली. पाच मिनिटांचं काम.

बंद कप्पा म्हणजे लाकडी हॉट केस

आता मुख्य मुद्दा. उपकरण जेवढी वीज खातं, तेवढी शेवटी जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. राऊटर १० वॅट, सेट-टॉप बॉक्स १०-१५ वॅट. ऐकायला किरकोळ वाटतं. पण लाकूड उष्णतेचं चांगलं रोधक आहे. (पोळ्यांचा डबा लाकडी असता तरी पोळ्या बऱ्यापैकी गरम राहिल्या असत्या.) बंद कप्प्यात ही उष्णता साठत जाते. आमच्या जुन्या युनिटमध्ये मी एकदा मे महिन्याच्या दुपारी डिजिटल थर्मामीटर ठेवून बघितला: हॉलमध्ये ३५ अंश, कप्प्यात ४६. त्यात सेट-टॉप बॉक्स राऊटरच्या डोक्यावर ठेवलेला. तो बंद पडणार नाही तर काय करणार?

गेमिंग कन्सोल असेल तर प्रकरण आणखी गंभीर होतं. प्लेस्टेशन ५ जड गेम चालवताना २०० वॅटच्या आसपास वीज घेतो. जुने १०० वॅटचे दोन बल्ब कपाटात पेटवून शटर लावून टाका, तसंच हे. सोनीने या कन्सोलसाठी खोलीचं तापमान ३५ अंशांपर्यंतच चालेल असं सांगितलंय, आणि भिंतीपासून किमान १० सेंमी अंतर ठेवायला सांगितलंय. नाशिक सोडा, जळगाव-अकोल्यात मे महिन्यात पंख्याखालची खोलीच ही मर्यादा ओलांडते. तिथे कपाटाला वरून आणखी दहा अंश वाढवायची मुभा नाही.

किती हवा लागेल? अकरावीच्या फिजिक्समध्ये शिकलेली विशिष्ट उष्मा इथे पहिल्यांदा कामाला आली. २०० वॅट उष्णता बाहेर काढायची आणि कप्प्यातली हवा खोलीपेक्षा १० अंशांहून जास्त तापू द्यायची नसेल, तर दर सेकंदाला सुमारे १७ लिटर हवा त्यातून जायला हवी. म्हणजे एका सेकंदात पाण्याची एक बादली भरेल एवढी. मागच्या फळीला वायरीसाठी पाडलेल्या एका भोकातून ते होत नाही.

गरम हवा वर जाते, म्हणून रस्ते दोन हवेत: खालून थंड हवा आत यायला एक, आणि वर मागच्या बाजूने गरम हवा बाहेर जायला एक. एकच भोक कितीही मोठं केलं तरी हवा फिरत नाही. राऊटर आणि सेट-टॉप बॉक्ससाठी आम्ही तळाच्या फळीत आणि वरच्या फळीत मागच्या कडेला एक इंच रुंदीची सलग फट सोडली. दिसत नाही, पण काम करते. कन्सोलसाठी मात्र माझा सल्ला एकच: त्या कप्प्याला शटर लावू नका आणि मागेही फळी नको. शटर हवंच असेल तर मागे वरच्या कोपऱ्यात यूएसबीवर चालणारा १२० मिमीचा पंखा लावा, हवा बाहेर फेकणाऱ्या दिशेने. तो टीव्हीच्या यूएसबी पोर्टला जोडला तर बऱ्याच टीव्हींत टीव्ही बंद केल्यावर पंखाही बंद होतो. वेगळं बटण नको.

कप्प्याची खोली ठरवतानाही हेच लक्षात ठेवा. प्लेस्टेशन ५ चं पहिलं मॉडेल आडवं ठेवलं तर २६ सेंमी खोल आहे, त्यात मागचे १० सेंमी मिळवा. झाले ३६. बाजारातल्या बऱ्याच तयार टीव्ही युनिटची खोली फूटभर असते, म्हणजे ३० सेंमी. आता कळलं कन्सोल नेहमी अर्धा बाहेर का लटकत असतो ते? आम्ही १६ इंच ठेवली.

रिमोटला भोक हवं, वायफायला लाकूड चालतं

हा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण इथे दोन अदृश्य गोष्टी एकमेकींच्या अगदी उलट वागतात.

साधा रिमोट इन्फ्रारेड प्रकाश सोडतो. हा प्रकाशच आहे, फक्त आपल्या डोळ्यांना दिसत नाही. पटत नसेल तर फोनचा सेल्फी कॅमेरा उघडा, रिमोटचं टोक त्याच्याकडे करा आणि बटण दाबा. बऱ्याच फोनमध्ये जांभळट-पांढरा ठिपका लुकलुकताना दिसेल. प्रकाश असल्यामुळे प्लाय मध्ये आली की संपलं. पण जाळीच्या भोकांतून तो आरामात जातो. काही काळ्या काचांतून आणि काळ्या अ‍ॅक्रिलिकमधूनही जातो, जरी आपल्याला आतलं दिसत नसलं तरी. दुकानात काचेचा तुकडा बघताना खिशात रिमोट ठेवा आणि हीच कॅमेऱ्याची युक्ती काचेआडून करून बघा. दुकानदार विचित्र नजरेने बघेल, बघू दे.

वायफायचं उलट. कोरड्या प्लायमधून वायफाय थोडासा कमजोर होऊन पलीकडे जातो. त्याचा शत्रू धातू. आता गंमत बघा: सध्या शटरला बारीक पितळी किंवा स्टीलची जाळी लावायची फॅशन आहे. मायक्रोवेव्ह ओव्हनच्या दारातही तशीच जाळी असते ना? ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो आणि त्या लहरींची लांबी सुमारे १२ सेंमी असते. जाळीची भोकं त्यापेक्षा खूपच लहान, म्हणून लहरी आतच अडकतात आणि आपण बाहेर सुरक्षित राहतो. तुमचा वायफाय २.४ गिगाहर्ट्झचा, म्हणजे जवळजवळ तीच लहर. बारीक धातूच्या जाळीमागे राऊटर ठेवणं म्हणजे त्याला ओव्हनमध्ये ठेवण्यासारखंच. ५ गिगाहर्ट्झची लहर साधारण ६ सेंमीची, तीही त्या जाळीतून नीट जात नाही. आरसा लावलेलं शटर? आरशामागचा लेपही धातूचाच. आणि टीव्हीच्या पाठीमागे राऊटर लपवणाऱ्यांनो, टीव्हीची पाठ आतून बरीचशी पत्र्याची असते.

म्हणजे लाकडी शटर वायफायला चालतं पण रिमोटला नाही. धातूची जाळी रिमोटला चालते पण वायफायला नाही. हवा लाकडातून जात नाही, जाळीतून जाते. तिन्ही पास होणारी वस्तू कोणती?

उत्तर सुतारकाकांनी दिलं: वेताची जाळी. जुन्या खुर्च्यांना असायची तीच. धातू नाही, भोकं आहेत, दिसायलाही छान. सागाच्या चौकटीत ती बसवताना आधी पाण्यात भिजवतात, मग ताणून लावतात. वाळली की आपोआप आणखी घट्ट होते. तोटाही सांगतो: धूळ आत जाते. आई दर रविवारी फडकं मारते आणि मला फोनवर तसं कळवते.

राऊटर कुठे ठेवायचा हे ठरवण्याआधी फोनवर मोजून बघा. अँड्रॉइडवर वायफाय अ‍ॅनालायझर प्रकारची अ‍ॅप्स मिळतात. आयफोनवर एअरपोर्ट युटिलिटी अ‍ॅप घेऊन सेटिंग्जमधून त्याचा वायफाय स्कॅनर चालू करावा लागतो. सिग्नल डीबीएममध्ये दिसतो, उणे आकड्यात. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ७० म्हणजे जेमतेम, उणे ८० च्या पुढे कॉल तुटणारच. या मोजपट्टीवर ३ ने घसरण म्हणजे शक्ती निम्मी आणि १० ने घसरण म्हणजे एक दशांश, त्यामुळे आकडा थोडाच बदलला असं समजू नका. आम्ही युनिट तोडण्याआधी राऊटर हॉलमध्ये चार ठिकाणी ठेवून स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशी आकडा घेतला. जुन्या कप्प्यात उणे ७८ येत होता, कारण ओट्याच्या आणि राऊटरच्या मध्ये टीव्ही आणि एक भिंत होती. युनिटच्या दुसऱ्या टोकाला उणे ६१. नव्या युनिटमध्ये राऊटरचा कप्पा त्या टोकाला गेला, बस. नवीन राऊटर, मेश वगैरे काही घ्यावं लागलं नाही.

स्ट्रीमिंग स्टिकचे व्हॉइस रिमोट बहुतेक ब्लूटूथवर चालतात, त्यांना समोर मोकळी वाट लागत नाही. सेट-टॉप बॉक्सच्या साध्या रिमोटला मात्र अजूनही लागते.

वायरींसाठी पाईप जाडच घ्या

एचडीएमआयचं टोक त्याच्या प्लास्टिकसकट सुमारे २ सेंमी रुंद असतं. इलेक्ट्रिशियन सवयीने टाकतो तो पाऊण किंवा एक इंची पाईप. सरळ असेल तर ते टोक कसंबसं जातं, वळणावर अडकतं. दोन इंची पीव्हीसी पाईप सांगा, काटकोनातलं एल्बो नको, दोन हलकी वळणं चालतील. पाईपमध्ये एक नायलॉनची दोरी कायमची सोडून ठेवा. पुढच्या वेळी नवी केबल त्या दोरीला बांधून ओढायची, आणि ओढताना तिच्यासोबत नवीन दोरीही.

आता बऱ्याच नव्या इमारतींत भिंती सलग काँक्रीटच्या असतात. पुण्यात मी राहतो त्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये तशाच आहेत. त्या इमारतीचं वजन पेलतात, पाईपसाठी त्या फोडायच्या नसतात. मग काय? पॅनेलच भिंतीपासून तीन इंच पुढे आणायचं. प्लायच्या पट्ट्यांची चौकट भिंतीला ठोकायची, त्यावर पॅनेल, आणि सगळ्या वायरी मधल्या पोकळीतून. विटांची भिंत असली तरी हेच सोपं पडतं. टीव्हीचा स्टँड जिथे येणार तिथे मागे प्लायचा दुहेरी थर द्या. मोठ्या टीव्हीचं वजन १५-२० किलोच्या घरात असतं आणि स्टँड पुढे ओढता येणारा असेल तर स्क्रूवर ताण बराच वाढतो.

केबलबद्दल थोडक्यात: ४के १२० हर्ट्झला 'अल्ट्रा हाय स्पीड' लिहिलेली एचडीएमआय केबल लागते, तिची क्षमता ४८ गिगाबिट प्रति सेकंद. साध्या तांब्याच्या केबलमध्ये तीन मीटरपर्यंत निर्धास्त राहा. फायबर इंटरनेटची पातळ वायर काटकोनात दुमडू नका, आतला प्रकाश वळणावर गळतो. सॉकेट मोजून जितके लागतील त्यापेक्षा दोन जास्त घ्या, कारण जाडजूड अ‍ॅडॅप्टर शेजारचं सॉकेट खातात. डॉल्बी अ‍ॅटमॉसवाला साउंडबार घेणार असाल आणि त्याचे स्पीकर वरच्या दिशेने आवाज फेकत असतील, तर तो फळीखालच्या कप्प्यात कोंबू नका. आवाज छताला आपटून खाली यायला हवा, फळीला नाही.

मिलिमीटर आणि सूत

मी मापं मिलिमीटरमध्ये दिली, काका इंच आणि सुतात काम करतात. एक इंचाचे आठ सूत, म्हणजे एक सूत तीन मिलिमीटरपेक्षा किंचित जास्त. पहिल्या वेळी माझ्या कागदावरचे ४७५ मिमी त्यांच्या पट्टीवर 'पावणेएकोणीस इंच' झाले आणि ड्रॉवर अडकला. या वेळी मी त्यांच्या एककात लिहिलं. एपीआय दुसऱ्याचं असेल तर फॉरमॅट आपण बदलायचा, एवढं तरी नोकरीत शिकलोय.

भिंत सरळ आहे असं कधीही गृहीत धरू नका. दोन भिंतींच्या मध्ये बसणारं कपाट असेल तर वर, मध्ये आणि खाली अशी तीन मापं घ्या आणि सगळ्यात लहान माप धरा. उरलेली फट पट्टीने झाकता येते, पण मोठं झालेलं कपाट भिंतीत घुसवता येत नाही. काकांनी गुण्या लावला तर आमचा कोपरा फूटभरात दोन सूत उघडा निघाला. मोठा कोपरा तपासायचा असेल तर एका भिंतीवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट खूण करा. तिरकं अंतर बरोबर ५ फूट आलं तर काटकोन. आणि कपाटाचा सांगाडा उभा झाला की दोन्ही कर्ण मोजा. सारखे आले तरच पुढचं काम. इथे गडबड झाली तर शटर आयुष्यभर तिरकं दिसतं, कितीही महाग बिजागऱ्या लावा.

प्लाय आणि फिनिश

दुकानात 'वॉटरप्रूफ' शब्द फार स्वस्त झालाय. शीटवरचा शिक्का वाचा. आयएस ३०३ हे सर्वसाधारण प्लायचं मानक आणि आयएस ७१० मरीन प्लायचं. हॉलमधल्या कोरड्या भिंतीला ३०३ मधली बीडब्ल्यूआर दर्जाची प्लाय पुरते. मागच्या बाजूला बाथरूम असेल किंवा पावसाळ्यात भिंत ओली होत असेल तर ७१० चा खर्च करा. आयएसआय चिन्हाजवळ सीएम/एलने सुरू होणारा लायसन्स क्रमांक असतो. बीआयएस केअर हे सरकारी अ‍ॅप घ्या, दुकानातच तो क्रमांक टाका, कंपनीचं नाव आणि लायसन्स चालू आहे की नाही ते दिसतं. दोन मिनिटं लागतात.

सनमायका बाहेरून १ मिमीचा लावतात. पैसे वाचवायला आतून तसंच कोरं सोडायचं, असा सल्ला मिळेल. ऐकू नका. एका बाजूने सनमायका आणि दुसरीकडे उघडी प्लाय असली की पावसाळ्यात उघडी बाजू ओलावा शोषून फुगते, झाकलेली फुगत नाही, आणि शटरला बाक येतो. आतून पातळ, स्वस्त ०.८ मिमीचा लावा, पण लावा. तसंच कापलेल्या कडा. वायरीसाठी पाडलेली भोकं, हवेच्या फटी, बिजागरीच्या खोबण्या, इथूनच पाणी आणि वाळवी आत शिरते. बाहेरच्या कडांना एज बँडची पट्टी आणि आतल्या भोकांना सीलरचा हात द्यायला सांगा. सांगितलं नाही तर कुणी करत नाही, कारण ते दिसत नाही.

पॅनेलला चकचकीत फिनिश नको. समोर खिडकी असेल तर दुपारी टीव्हीऐवजी खिडकीच दिसेल. आम्ही मॅट घेतलं. मागे एलईडी पट्टी लावायची असेल तर ६५०० केल्विनची पांढरी घ्या, रंगीबेरंगी नको. चित्रातला पांढरा रंग त्याच छटेवर बेतलेला असतो, पिवळ्या किंवा निळ्या उजेडात तो उगाच वेगळा दिसतो.

सागाच्या चौकटींना पॉलिश केलं ते पाऊस पूर्ण थांबल्यावर, ऑक्टोबरमध्ये. काका आधी आले होते, पण हवा दमट होती म्हणून परत गेले. दमट हवेत पॉलिशवर पांढुरकी झाक येते, आणि पीयू असेल तर बारीक बुडबुडेही येऊ शकतात. पॉलिश पेपर आधी १८० नंबर, मग २४०, मग ३२०, नेहमी रेषांच्या दिशेने. मग सीलर, आणि प्रत्येक हातानंतर ४०० ने हलकं घासणं. या घासण्याची धूळ मैद्यासारखी बारीक असते. त्या दिवसांत कन्सोल, राऊटर, साउंडबार सगळं दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवा. पंख्यातून ती आत गेली की निघत नाही.

काम संपल्यावर सबवूफर चालू केला आणि वरचा ड्रॉवर खुळखुळायला लागला. काकांनी आत फेल्टच्या दोन चकत्या चिकटवल्या, सबवूफर कपाटातून काढून जमिनीवर ठेवला. थांबलं.

पॅनेल बंद करण्याआधी मी आतल्या सगळ्या वायरींचे फोटो काढले, शेजारी मोजपट्टी धरून. कुठला पाईप कुठे, कुठे चौकटीची पट्टी, कुठल्या केबलला कुठल्या रंगाचा टेप. ते फोटो घरच्या शेअर्ड अल्बममध्ये आहेत. परवा बाबांचा फोन आला, साउंडबारचा आवाज येत नव्हता. अल्बम उघडून सांगितलं, "लाल टेपवाली केबल, डावीकडून दुसरी, ती दाबून बसवा." पॅनेलच्या कडेच्या मोकळ्या जागेतून त्यांचा हात बरोबर मागे गेला. चार बोटं जागा सोडली होती.